डिझेल अँबेसिडरचा हिवाळा

मुलुंडला थंडी पडते असं म्हटलं की दादरची माणसं हसतात. हसू देत. जानेवारीत चार-सहा दिवस असे येतात की येऊरच्या डोंगरावरून वारा थेट आमच्या गल्लीत उतरतो. खिडकीच्या गजाला हात लागला की बोटं आपोआप मागे येतात. कपाटातून स्वेटर निघतात आणि जिन्यात डांबराच्या गोळ्यांचा वास भरतो. दूधवाला पिशवी कडीला अडकवून नुसता खाकरतो, हाक मारायला तोंडावरचा मफलर काढावा लागतो म्हणून. सकाळी सहाला गच्चीवरून पाहिलं तर डोंगर दिसत नाही, त्याच्या जागी राखेसारखं काहीतरी असतं.

लोक ह्या दिवसांची वाट बघतात. मी ते संपायची वाट बघतो. वय त्र्याऐंशी आहे, पण सांधेदुखीचं कारण सांगून मला सुटता येणार नाही.

दिवाळीत नातू निखिल जुना आल्बम चाळत बसला होता. एका फोटोवर बोट ठेवून म्हणाला, "आजोबा, ही आपली अँबेसिडर डिझेल होती? खरंच?"

"हो. का रे?"

"का म्हणजे? तेव्हाच्या डिझेलवाल्या घरगुती गाड्या आता कुठे बघायलाही मिळत नाहीत. आमच्या ग्रुपमधली पोरं वेडी होतील. तुम्ही लिहा ना तिच्यावर काहीतरी, झकास होईल."

मी लिहायला बसलो. दोन पानं गाडीचं कौतुक केलं. खोटं त्यात काही नव्हतं. तिसऱ्या पानावर बाबल मेस्त्रीचं नाव आलं आणि पेन अडलं. ती पानं फाडून टाकली. हे नव्याने लिहितो आहे.

ऐंशीच्या दशकाची सुरुवात होती. अँबेसिडर म्हणजे काय, सगळ्यांनाच माहीत होती. लग्नाच्या वरातीत, कलेक्टरच्या बंगल्यावर, डॉक्टरांच्या दारात, जिकडेतिकडे तीच. पण ती पेट्रोलवर चालणारी. त्याच गाडीत डिझेल इंजिन मिळतं हे आमच्या सोसायटीतल्या निम्म्या लोकांना ठाऊक नव्हतं आणि उरलेल्यांना ती टॅक्सीवाल्यांची चीज वाटायची. ठाण्याच्या एका निवृत्त अधिकाऱ्याने हौसेने घेतली होती आणि त्याच्या बायकोला तिचा आवाज सहन होत नव्हता. अशी ती माझ्याकडे आली. रंग मळकट पांढरा. बाहेरून पाहिलं तर इतर हजार गाड्यांसारखीच. सुरू केली की कळायचं.

तो आवाज मला अजून हुबेहूब आठवतो. आधी एक मोठा आचका, मग खडखड, मग सगळी गाडी अंगात आल्यासारखी हलायची. आरसा इतका थरथरायचा की मागची माणसं त्यात चार-चार दिसायची. सोसायटीत तिला 'गिरणी' म्हणत. मी गाडी लावून उतरलो की जिन्यात बसलेली पोरं विचारायची, "काका, दळण आणू का? गहू आहेत!" त्यांचे बापही हसायचे. माझी बायको विमल माझे शर्ट वेगळ्या बादलीत भिजवायची. "ह्या घरात अत्तराची बाटली आणायची सोय नाही," म्हणायची, "डिझेलपुढे त्याचं काय चालणार?"

आग्रा रोडवरच्या पंपावर मी ट्रकच्या रांगेत उभा राहायचो. मागचा ड्रायव्हर मान बाहेर काढून बघायचा, हा चुकून इथे आला की काय म्हणून. पंपावरचा माणूस सवयीने पेट्रोलकडे वळायचा आणि मी खिडकीतून ओरडायचो, "डिझेल! डिझेल!" शेवटी टाकीच्या झाकणावर लाल रंगाने मीच तो शब्द लिहिला. अक्षर वाकडं आलं. विमल म्हणाली, "आता कपाळावर पण लिहून घ्या."

हसण्यावारी नेत होतो, पण लागायचं. हे आज कबूल करतो. मी एका कंपनीत हेडक्लार्क. गाडी घेणारा आमच्या घरातला पहिला माणूस. गाडी आली, पण तिच्याबरोबर मान यायचा तो आला नाही.

तिला हात लावायला कुणी तयार नसे. पेट्रोलवाले गॅरेजचे लोक बॉनेट उघडून लगेच मिटायचे. "साहेब, ह्याला प्लगच नाहीत. ट्रकवाल्याकडे न्या." ट्रकवाला बघून म्हणायचा, "एवढंसं इंजिन? हे खेळणं माझ्याकडे कशाला?" असा दोन्हीकडून हाकलला जात असताना भांडुपला, टेकडीच्या चढावर, एका पत्र्याच्या शेडमध्ये बाबल मेस्त्री भेटला.

बाबल मालवणकडचा. मच्छीमार लाँचवर दहा-बारा वर्षं इंजिनं सांभाळून मुंबईत आलेला. बारीक चणीचा, चाळिशीचा, कानामागे कायम खडू खोचलेला. त्याने माझ्या गाडीचं बॉनेट उघडलं आणि ओळखीचं माणूस भेटल्यासारखा हसला. मग हातभर लांब स्क्रू-ड्रायव्हर घेतला, टोक चालू इंजिनावर टेकवलं, मूठ कानाला लावली आणि डोळे मिटले. एकेक सिलिंडर असा ऐकत गेला. तिसऱ्याशी थांबला.

"भाऊ, तीन नंबर रुसलो."

"म्हणजे?"

"तुमी आयका." त्याने मूठ माझ्या कानाला लावली. मला नुसता गोंगाट ऐकू आला. त्याला पटेना. "नीट आयका. बाकीचे तीन पुढे चलतत, हो मागे रवता." पाच-सात मिनिटं तो मला धरून ऐकवत राहिला, आणि मग खरोखरच त्या गोंगाटात एक ठोका उशिरा पडताना मला ऐकू आला. त्या क्षणी मला ती गाडी पहिल्यांदा माझी वाटली.

डिझेल गाडीला सकाळी आधी गरम करावं लागतं. इंजिनात हीटरच्या तारा असतात, त्यांना अर्धा मिनिट करंट द्यायचा आणि मग स्टार्टर फिरवायचा. माझ्या गाडीतला हीटरचा मूळचा स्विच जळला होता, नवा मिळेना. बाबलने स्वतः एक बटण करून बसवलं. बाहेर ओढलं की हीटर चालू, आत ढकललं की बंद. डॅशबोर्डवर जाळीमागे एक लहानशी तार होती. ती लाल झाली की समजायचं, इंजिन तयार आहे. बसवताना त्याने तीनदा बजावलं, "भाऊ, ह्या आपणहून बंद होना नाय. चावी काढलात तरी चालूच रवतला. उतरताना हात लावन बगा. नायतर तासाभरात बॅटरी खलास."

मी हो म्हटलं. महिनाभर हात लावून बघतही होतो.

आता कारखानीस. आमच्याच इमारतीत तिसऱ्या मजल्यावर राहायचे. भांडुपच्या एका कारखान्यात वाहनखात्याचे साहेब. त्यांच्याकडे पाच-सहा लहान डिझेल गाड्या आल्या होत्या आणि त्या जाणणारा माणूस मिळत नव्हता. मी बाबलचं नाव सांगितलं. कारखानीसांनी त्याला बोलावून घेतलं, बोलले, पण निर्णय दिला नाही. मला म्हणाले, "दातार, तोंडी परीक्षेत सगळेच पास होतात. तुमची ती गिरणी रोज सकाळी एका दमात सुरू होते का, ते मी बाल्कनीतून बघणार. झाली, तर तुमचा मेस्त्री पर्मनंट."

पर्मनंट. हा शब्द त्या वर्षांत भांडुपमध्ये कसा उच्चारला जायचा हे आज कुणाला सांगून कळायचं नाही. गिरण्या बंद पडून घरं बसली होती. बाबलच्या चाळीत दर दुसऱ्या दारात रिकामा बसलेला पुरुष होता. मी ही बातमी द्यायला गेलो तेव्हा बाबलची बायको चूल सोडून बाहेर आली आणि दाराला धरून उभी राहिली. बाबल कानामागचा खडू काढून हातात फिरवत राहिला.

नोव्हेंबर, डिसेंबर, सगळे दिवस गाडी एका दमात सुरू झाली. मी बटण ओढायचो, तार लाल व्हायची, आचका, खडखड. मान वर करून बघितलं की तिसऱ्या मजल्यावर कारखानीस चहाचा कप उंचावायचे.

संक्रांतीच्या दिवशी त्यांनीच मला जिन्यात गाठलं. "उद्या आमचे डायरेक्टर यायचेत. आमची गाडी दुसरीकडे गेलीय. सकाळी साडेसहाला मला सांताक्रूझला विमानतळावर सोडाल? ही मेस्त्रीची शेवटची परीक्षा समजा. परवा कागदावर सही करतो."

मी दुपारी भांडुपला जाऊन बाबलला सांगून आलो.

त्या संध्याकाळी आमच्याकडे हळदीकुंकू होतं. बायका वर, त्यांचे नवरे आणि पोरं खाली अंगणात. सगळ्यांच्या हातात तिळाच्या वड्या. कुणीतरी नेहमीसारखं म्हणालं, "काय दातार, आज संक्रांतीला गिरणी बंद का?" मला कुठून सुरसुरी आली कोण जाणे. म्हटलं, या, गंमत दाखवतो. गाडी सुरू केली, चावी काढली आणि एका पोराच्या हातात दिली. गाडी चालूच. पोरं ओरडली, "अरे, चावी इकडे आणि गाडी चालू! भूत आहे काका!" डिझेल चावीने बंद होत नाही, त्याला वेगळी दोरी ओढावी लागते, हे त्यांना कुठे माहीत? मी दोरी ओढून ती बंद केली. टाळ्या पडल्या. सोसायटीत माझ्यासाठी पडलेल्या त्या पहिल्या टाळ्या. मग मी हीटरचं बटण ओढलं. दिवेलागणीची वेळ होती, त्या काळोख्या डॅशबोर्डवर ती तार हळूहळू लाल होत गेली. मोठी माणसंही वाकून बघायला लागली. "वा, दातार! निखारा आहे हो अगदी!"

तेवढ्यात वरून विमलची हाक आली. "अहो! वाणाच्या वाट्या संपल्या! बायका खोळंबल्यात, पटकन आणा!" मी दार लावलं, गाडीवर ताडपत्री ओढली आणि बाजारात पळालो.

दुसऱ्या दिवशी सव्वासहाला खाली उतरलो. वारा असा होता की कानाच्या पाळ्या दुखत होत्या. ताडपत्री दवाने जड झालेली. दार उघडलं आणि बघितलं, बटण बाहेर होतं.

काय झालं ते कळायला क्षणही लागला नाही. इकडे-तिकडे बघितलं. अंगणात कुणी नव्हतं. मी अंगठ्याने ते आत ढकललं.

एवढंच केलं. आयुष्यात मी बरंच काही केलं असेल. नोकरी, मुलांची शिक्षणं, आजारपणं, विमलचं शेवटचं वर्ष. पण हिशेब काढायला बसलो की हा अंगठा आधी पुढे येतो.

कारखानीस टाय बांधून उतरले. बाबल त्यांच्या आधीच फाटकातून सायकल घेऊन आत आला होता. अंगावर नवा, घडी न मोडलेला शर्ट. त्याची परीक्षा होती म्हणून भांडुपहून एवढ्या थंडीत आला होता. माझ्या हातावर तिळगूळ ठेवून म्हणाला, "भाऊ, चालू करा."

मी चावी फिरवली. टक्. पुन्हा टक्. मग तेही नाही.

बाबलने बॉनेट उघडलं. बॅटरीच्या टोकांना तार लावून बघितली, ठिणगी उडाली नाही. तो माझ्या खिडकीशी आला. कारखानीस त्याच्या मागेच उभे होते. हळू आवाजात, अगदी सहज, त्याने विचारलं, "भाऊ, बटान भायर रवलेला काय?"

मी हो म्हणालो असतो तर काय झालं असतं? कारखानीस माझ्यावर हसले असते. "काय दातार, काल फार मिरवत होता!" म्हणाले असते. सोसायटीत महिनाभर चेष्टा झाली असती. एवढंच. आणि बाबलने बटण बरोबर बसवलं होतं हे तिथल्या तिथे सिद्ध झालं असतं.

मी म्हणालो, "नाही. आतच होतं."

बाबलने माझ्याकडे बघितलं. मग त्या बटणाकडे. "नक्की?"

"मी आताच बघितलं ना. आत होतं."

दोघांनी गाडी फाटकापर्यंत ढकलली. थंड इंजिनात हीटरशिवाय काय धरणार? कारखानीसांच्या टायवर घाम आला. "वाट लागली," म्हणत ते रिक्षा शोधायला धावले. जाता जाता वळून म्हणाले, "मेस्त्री, तुम्ही लावलेल्या वायरिंगमध्ये रात्रभरात बॅटरी गळते, आणि मी तुम्हाला सहा गाड्या देणार होतो!" बाबल उभा राहिला. त्याचा नवा शर्ट छातीवर काळा झाला होता. तो एवढंच म्हणाला, "खंयतरी माझाच चुकला आसतला."

मला तेव्हा वाटलं, ह्याला सगळं कळलंय. इंजिनातला उशिराचा ठोका ऐकणाऱ्या माणसाला माझा आवाज कळणार नाही? तो मला सांभाळून घेतोय, असं मी धरून चाललो. पुढची चाळीस वर्षं मी त्या समजुतीवर काढली. त्याने मला माफ केलं, आणि तेही सगळ्यांसमोर, मोठ्या मनाने. असं मानलं की झोप लागायची.

बॅटरी चार्ज झाली आणि गाडी दुसऱ्या दिवशी एका दमात सुरू झाली. पण बाल्कनीत कुणी नव्हतं. कारखानीसांनी दुसरा माणूस घेतला. मी त्यांच्या दारापर्यंत दोनदा गेलो, एकदा तर बेलवर बोट ठेवलं. आतून त्यांच्या नातवाच्या हसण्याचा आवाज आला आणि मी तेवढ्या निमित्ताने परत फिरलो. भांडुपला गेलोच नाही. विमलने एकदा विचारलं, "तुमचे मेस्त्री येत नाहीत हो हल्ली?" मी म्हटलं, "कामात असेल." तिने माझ्याकडे जरा जास्त वेळ बघितलं आणि भाजी निवडायला लागली. तीन-चार वर्षांनी गाडी विकली. वसईच्या एका माणसाने नेली, त्याला फक्त इंजिन हवं होतं. कारखानीस गेले. विमल गेली. बाबल सोडला तर ती सकाळ आठवणारा मी एकटा राहिलो.

नातवासाठी लिहिताना वाटलं, बाबलचं नाव घालायचं तर त्याला विचारायला हवं. आणि विचारायचं तर आधी सांगायला हवं. म्हणून गेल्या आठवड्यात, ह्या वर्षीच्या थंडीत, रिक्षा करून भांडुपला गेलो. शेडच्या जागी मोबाइलचं दुकान आहे. मागच्या नव्या इमारतीत पाचव्या मजल्यावर मेस्त्रींची मुलगी राहते असं दुकानदाराने सांगितलं. शुभांगी तिचं नाव. पन्नाशीच्या आसपासची, शाळेत शिक्षिका. तिने मला पाणी दिलं आणि सांगितलं, बाबा जाऊन आठ वर्षं झाली.

मी उशीर केला होता. तरी आलो होतो म्हणून सांगितलं. सगळं. बटण, अंगठा, "आतच होतं."

ती ऐकत राहिली. मग म्हणाली, "काका, थांबा. बटण बाहेर होतं?"

"हो."

"म्हणजे बाबांच्या वायरिंगमध्ये काही चूक नव्हती?"

"नव्हती. पण त्यांना ते कळलं होतं ना? त्यांनी मला..."

"नाही हो." तिने मान हलवली. "तुम्ही आत होतं म्हणालात ना, त्यांनी ते खरं धरलं. भाऊ कशाला खोटं बोलतील, म्हणायचे. मग बटण आत असताना करंट जातो कुठून? फळीवर बॅटरी, तार, बटण सगळं मांडून बसायचे. मी शाळेतून आले की तेच. रविवारीही तेच. कितीतरी महिने. सापडलं नाही. मग म्हणाले, मला डिझेल कळत नाही, उगाच दुसऱ्यांच्या गाड्या कशाला बिघडवू. नंतर जन्मभर स्कूटरच दुरुस्त केल्या. डिझेलला हात लावला नाही."

माफी मिळाली असं समजून मी ज्याच्या जिवावर निवांत झोपलो होतो, तो माणूस माझ्या शब्दावर विश्वास ठेवून स्वतःवरचा विश्वास घालवून बसला होता.

शुभांगी उठली. आतल्या खोलीत तिची आई पलंगावर भिंतीला टेकून बसली होती. फार म्हातारी, कानाने अधू. शुभांगी तिच्या कानाशी वाकली आणि मोठ्याने, एकेक शब्द तोडत म्हणाली, "आई, भाऊ आलेत. त्या गाडीवाले. म्हणतात, बाबांचं काम बरोबर होतं. बाबांचं काही चुकलं नव्हतं."

म्हातारीने माझ्या दिशेने बघितलं. डोळ्यांत ओळख होती की नाही, सांगता येणार नाही.

"माका म्हायत होता," ती म्हणाली. "त्यांका आता कोण सांगतलो?"